तीनदा आलं, तीनदा गेलं

बाबा, तुला मी कधी अहो-जाहो केलं नाही. आपल्या गावात कुठलीच पोरगी बापाला करायची नाही. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, बापाला काय कुणी अरे-तुरे करतं का, आणि मग तू घरी आलास की मी त्यांच्यासमोर काहीतरी अर्धवट बोलायचे. "चहा घेणार ना" असं, म्हणजे तू पण नाही आणि तुम्ही पण नाही. तुला ते कळायचं आणि तू मिशीतल्या मिशीत हसायचास. आज समोर कुणी नाही. भिवंडीबाहेर शेलार गावात भाड्याच्या खोलीत बसलेय, रविवार आहे, गॅसवर डाळ आहे आणि मला भीती वाटतेय. रोजच वाटते, पण रविवारी हाताला काम नसतं म्हणून जास्त वाटते. ती तुलाच सांगायचीय, कारण असल्या भीतीबद्दल धड बोलू शकेल असा माझ्या माहितीत एकच माणूस होता.

तुझं ते कापड आई घरात येऊ द्यायची नाही. ते गोठ्याच्या आढ्याला गुंडाळून बांधलेलं असायचं. पिवळं पडलेलं मेणकापड, त्यावर सहा घरं, सहा चित्रं: झेंडा, मुकुट, बदाम, चौकट, इस्पिक, किलवर. तीन मोठे लाकडी फासे, त्यांच्या सहा बाजूंवर हीच चित्रं, आणि ते हलवायला तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा. भात कापून झालं की तू आसपासच्या जत्रांना जायचास, कापड पसरायचास, लोक चित्रांवर पैसे लावायचे आणि तू डबा आपटायचास. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत पोरी मला "फासेवाल्याची" म्हणायच्या आणि मी त्यांच्या वेण्या ओढायचे.

एका दुपारी आई तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, मी चुलीजवळ बसलेय आणि तुला विचारतेय, "बाबा, डबा तर तू सगल्यांच्या समोर हलवतोस. मंग घरी पैसे नेमी तूच कसा आनतोस? फसवतोस काय?" आईचा हात थांबतो. तिलाही हे कधीचं विचारायचं असतं. तू चिडत नाहीस. गोठ्यातून तीन फासे आणतोस, आईकडे बघून म्हणतोस, "कापड न्हाय आनलं, नुसते फासे हायेत," आणि परात पालथी घालून कोळशाने तिच्यावर सहा घरं काढतोस. प्रत्येक घरात एकेक चिंचोका ठेवतोस. "समज सहा मानसं आली. एकेकानं एकेका चित्रावर एकेक चिंचोका लावला. आता टाक."

मी टाकते. तीन वेगळी चित्रं येतात.

"तीन जिंकले, तीन हरले. हरलेल्यांचे तीन घेतले, जिंकलेल्यांना तीन दिले. मला काय ऱ्हायलं?"

"काय न्हाय."

"टाक परत."

दोन झेंडे आणि एक बदाम. "झेंडावाल्याला दोन, बदामवाल्याला एक. म्हंजे तीनच दिले. पन हरले किती?" मी बोटांवर मोजते. चार. चौथा चिंचोका तू उचलून माझ्या तळहातावर ठेवतोस. "दोन फासे एकाच घरात जाऊन बसले की एक जागा फुकट जाते. ती फुकट गेलेली जागा म्हंजे ही भाकर. लोक म्हनतात, तीन फासे, सहा चित्रं, म्हंजे निम्मं-निम्मं. तसं न्हाय हाय ते. फसवायला लागत न्हाय गो. मोजायला लागतं." आई म्हणाली, "मोजून केलेलं बी पापच हाय," आणि भाकरी तव्यावर टाकली. पण त्यानंतर बराच वेळ ती त्या परातीकडे बघत होती, हे मला आठवतंय.

त्या दुपारी आपण खूप खेळलो. मी झेंड्यावर लावत होते आणि झेंडा काही येईना. मुकुट आला, इस्पिक आला, पुन्हा इस्पिक आला. माझ्याकडचे चिंचोके कमी होत गेले तशी मला आतून खात्री वाटायला लागली. शेवटी होते तेवढे सगळे झेंड्यावर ढकलले आणि म्हटलं, "आता येनारच." तू फाशांवर हात ठेवलास. "का?" मी म्हटलं, "कवाचा आला न्हाय म्हनून." तू माझ्यावर आयुष्यात दोनदा ओरडला असशील, त्यातलं हे एक. "फाशाला काय ठावं तू कवापासून बसलीस ते? त्याला डोकं हाय? त्याला मघाचं आठवतंय?" सगळे चिंचोके गोळा करून तू सदऱ्याच्या खिशात टाकलेस आणि बाहेर निघून गेलास. मी रडले. आई म्हणाली, बरं झालं. दिवेलागणीला तू परत आलास, ओट्यावर माझ्याशेजारी बसलास आणि हळूच म्हणालास, "'आता येनारच' बोलनारा मानूस समोर दिसला ना, की मला कापडामागं बसल्या बसल्या भ्या वाटतं." मला तेव्हा कळलं नाही. हरणार तो, पैसे मिळणार तुला, मग भ्या तुला कशाचं?

ते पुढे कळलं. एका जत्रेत भिवंडीतला एक लूमवर कापड विणणारा माणूस दुपारपासून तुझ्या कापडासमोर उभा होता आणि मुकुटावर लावत होता. "अब तो आएगा ही," म्हणत होता. तू त्याला घरी जा म्हणालास, तो गेला नाही आणि खिशातलं सगळं हरला. दोन दिवसांनी त्याची बायको पत्ता काढत आपल्या दारात आली. कडेवर मूल. ती काही बोललीच नाही. शिव्या दिल्या असत्या तर तुला सोपं गेलं असतं. ती नुसती उभी राहिली, आईने दिलेलं पाणी प्यायली आणि निघून गेली. त्याच संध्याकाळी तू अंगणात कापड जाळलंस. रॉकेलची बाटली आईनेच आणून दिली. मग तू एका लूमच्या कारखान्यावर वॉचमनच्या ड्युटीला लागलास आणि फाशांचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस तू. म्हणून तुझं जे झालं ते मला समजून घ्यायला फार वर्षं लागली.

पहिल्यांदा तुझ्या छातीत दुखलं ते शेताच्या बांधावर. मूठ छातीत दाबून खाली बसलास, थोड्या वेळाने उठलास आणि गॅस हाय म्हणालास. दुसऱ्यांदा ड्युटीवर, तेव्हा कुणीतरी सोडा पाजला. तिसऱ्यांदा माझ्याकडे. भिवंडीच्या आमच्या स्वयंपाकघरात तू पाटावर बसलायस, मी चहा गाळतेय, वळून बघते तर तुझ्या कपाळावर हा एवढा घाम. मी म्हणते, चल, रिक्षा बोलावते, डॉक्टरकडे जाऊ. तू हाताने थांब म्हणतोस. भिंतीला पाठ टेकतोस. डोळे मिटतोस. खालून लूमचा खडखडाट चालूच आहे, मांडणीवरच्या वाट्या वाजतायत, आणि मी हातात गाळणं धरून तुझ्या श्वासाकडे बघत उभी आहे. हळूहळू तुझ्या तोंडावर रंग येतो. तू हसतोस. "तीनदा आलं, तीनदा गेलं. आता ते माझ्या वलखीचं झालंय. काय करत न्हाय मला." मी म्हटलं, "बाबा, असं नसतं." तू चपला घातल्यास आणि गेलास. चहासुद्धा घेतला नाहीस.

चौथ्यांदा मानकोली नाक्यावर, गाडीची वाट बघत उभा असताना. टेम्पोत घालून आणलं तुला. सगळे म्हणत होते, कसं अचानक झालं. मी कोपऱ्यात बसून मनात म्हणत होते, अचानक कसलं? मी तुझ्यावर इतकी चिडले होते की दहावं-तेरावं होईपर्यंत मला नीट रडू आलं नाही. परात पालथी घालून पोरीला शिकवलंस आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून तू तेच बोललास जे तो मुकुटवाला बोलत होता. त्याचं उलटं बोललास, एवढाच फरक. तो म्हणत होता, इतक्यांदा आलं नाही म्हणजे आता येणार. तू म्हणालास, इतक्यांदा काही झालं नाही म्हणजे आता होणार नाही. आता मला वाटतं, कापडामागे बसलेल्याला सगळं दिसतं. पण ज्याचं स्वतःचं काहीतरी त्या घरात ठेवलेलं असतं तो समोरच्या बाजूला उभा असतो, आणि तिथून दिसत नाही. तू त्या दिवशी पहिल्यांदा समोरच्या बाजूला आला होतास.

आता त्या भिंतीबद्दल सांगते, जिला तू पाठ टेकली होतीस.

आमची इमारत तू पाहिली आहेस. तळमजल्यावर लूम, वर तीन मजले, आम्ही पहिल्यावर. तू होतास तेव्हाच ती जुनी होती. गेल्या काही वर्षांत गेटवर पालिकेचा कागद लागतो, इमारत धोकादायक आहे, खाली करा. पहिल्या वर्षी तो लागला तेव्हा दोन दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. दुसऱ्या वर्षी लोकांनी वाचला. त्यानंतर त्याच्यावर शिकवणीच्या जाहिराती चिकटल्या. तुझे जावई, म्हणजे आमचे हे, म्हणायचे, "दरवर्षी कागद लागतो, दरवर्षी इमारत उभी. कागदच खोटा असणार." खाली त्यांच्या चार मशिनी आहेत, सासऱ्यांनी बसवलेल्या. निघायचं म्हणजे त्या कुठे न्यायच्या? आणि एकदा खोली सोडली की मालक परत पाय ठेवू देणार नाही, हेही खरंच होतं. मला ते सगळं कळत होतं. म्हणून मीही त्यात वर्षानुवर्षं राहिले, हे लपवत नाही.

मग स्वयंपाकघराचं दार घासायला लागलं. आधी ते बोटाने ढकललं तरी बंद व्हायचं. मग खालून जरा लागायला लागलं. सुताराने रंधा मारला, दोन महिन्यांत पुन्हा लागलं. सुतार म्हणाला, "वहिनी, दार नाही वाढलं. चौकट वाकली." तो गेल्यावर मी त्या चौकटीला हात लावून उभी राहिले. खालून मशिनींची थरथर तळहातात येत होती. इतकी वर्षं ती थरथर म्हणजे घर चालू आहे, कमाई चालू आहे असं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे कुणीतरी डबा हलवतंय.

मालकाने एक इंजिनिअर आणला होता. चांगला मुलगा होता. हातोडीने ठोकून ठोकून त्याने भिंती ऐकल्या. मी जिन्यात गाठून विचारलं, "कधी पडेल?" तो म्हणाला, "ताई, उद्या पडेल, नाहीतर दहा वर्षं उभी राहील. छातीठोकपणे कुणी सांगणार नाही." बाबा, तुझ्या फाशाला सहा बाजू आहेत हे तरी आपल्याला ठाऊक होतं. इथे बाजू किती हेच कुणाला ठाऊक नाही. मोजायला लागतं म्हणालास, पण काय मोजू? आणि दुसरी गोष्ट, जी तू मला शिकवली नाहीस, कदाचित तुलाही उशिरा कळली असेल. फासा थकत नाही. तो शंभरदा टाकला तरी पहिल्यासारखाच असतो. भिंत थकते. माणसाची छातीही थकते. काल पडली नाही म्हणून आज ती जास्त पक्की होत नाही, उलट कालचा दिवसही तिने अंगावर काढलेला असतो.

हे मी तुझ्या जावयांना सांगायला गेले. जिन्यात वरच्या पोरांचा लुडोचा फासा सापडला होता, तो ओट्यावर ठेवून म्हटलं, "अहो, समजा सहा आला तर इमारत पडली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझा बाप जत्रेत जुगाराचं दुकान मांडायचा, आणि तू मला धोका शिकवतेस?" मी म्हटलं, "बाबा जुगार खेळत नव्हते. खेळवत होते. म्हणूनच त्यांना माहीत होतं." त्यांनी फासा उचलला आणि टाकला. तीन. पुन्हा टाकला. एक. चार. चार. दोन. मी सांगतेय की थांबा, मला हे म्हणायचं नाही, आणि ते टाकत चाललेत. पाच. एक. तीन. सहा काही येईना. "बघ," ते म्हणाले, "तुझ्या बापाचा फासापण माझ्या बाजूने आहे," आणि हसत खाली मशिनीवर गेले. रागाने नाही, खरंच हसत. त्यांना वाटलं मला धीर आला असेल. ते गेल्यावर मी एकटीने टाकला. सहा आला. त्याचा काही अर्थ नाही हे मला तूच शिकवलंयस. तरी मी पुन्हा टाकला नाही. तो फासा मी वरच्या पोरांना परत दिला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

त्याच सुमारास लेक बाळंतपणाला आली. मी नको म्हणाले होते. तिच्या सासरी कल्याणला राहू दे, मी तिकडे येते म्हणाले. पण माहेरी बाळंतपण करत नाहीत म्हणजे काय, लोक काय म्हणतील, असं तुझ्या जावयांनी धरलं आणि लेकीलाही यायचं होतं. नातू झाला. त्याची झोळी छताच्या कडीला बांधली, जिला आमच्या लेकीची झोळी बांधली होती.

सकाळची वेळ होती. लाइट गेली होती. आमच्याकडे लाइट गेली की सगळी गल्ली एकदम शांत होते, इतकी की माणसं हळू बोलायला लागतात. लेक अंघोळीला गेली होती. बाळ झोळीत झोपलं होतं आणि मी खाली बसून त्याची दुपटी घडी करत होते. मग लाइट आली. आमच्या खालच्या, समोरच्या, बाजूच्या, सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या आणि इमारतीने एक धक्का खाल्ला, दर वेळी खाते तसाच. मी झोळीत वाकून बघितलं. बाळाच्या तोंडावर पांढरी पूड होती. कपाळावर, ओठांवर, मिटलेल्या पापण्यांवर. ते झोपेत ओठ चाटत होतं. मी वर बघितलं. कडीभोवती केसाएवढी एक रेघ गोल फिरली होती, आणि तिच्यातून छताच्या गिलाव्याची पूड अजून गळत होती.

मी पदराने त्याचं तोंड पुसलं, त्याला उचललं आणि न्हाणीचं दार वाजवून लेकीला म्हटलं, "आहेस तशी ये. कपडे घाल आणि खाली ये." ती घाबरून "आई, काय झालं, आई," करत ओल्या केसांनी आली. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरची चाची भेटली, पाण्याची कळशी घेऊन वर जात होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता भिंतीला चिकटून वाट दिली. खाली तुझे जावई मशिनीवर वाकले होते. मी दारात उभी राहून म्हटलं, "मी चालले. पोरीला आणि बाळाला घेऊन चालले. तुम्ही या." खडखडाटात त्यांना ऐकू आलं की नाही माहीत नाही. त्यांनी मान हलवली, बाजारात जाऊन ये म्हटल्यासारखी. पायात स्वयंपाकघरातली रबरी चप्पल होती, तशीच मी रिक्षात बसले.

वळ गावातल्या ज्या गोडाऊनमध्ये मी पॅकिंगला जाते तिथल्या एका बाईने शेलारची ही खोली बघून दिली. संध्याकाळी तुझे जावई आले ते भडकूनच. "लोकांसमोर माझं हसं केलंस. सगळी बिल्डिंग राहतेय, ती सगळी माणसं काय वेडी आहेत?" मी म्हटलं, "तुम्हाला पाया पडते, तुम्ही पण या." ते म्हणाले, "मशिनी टाकून? तुला तुझ्या बापाचं भूत लागलंय." आणि परत गेले. लेक थोड्या दिवसांनी बाळाला घेऊन कल्याणला गेली. तीही जाताना म्हणाली, "आई, तू जरा जास्तच घाबरतेस." बाळाची पापणी मी पुसली होती, तिने नाही.

चाचीला मी सांगायला गेले होते. तिचा नवरा बरीच वर्षं अंथरुणावर आहे. ती लसूण सोलत माझं सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "भाभी, मैं अंधी हूँ क्या? मुझे नहीं दिखता? इनको सीढ़ी से उतारने को चार आदमी लगते हैं। उतार भी दूँ, तो रखूँ कहाँ?" मी म्हटलं, माझ्या खोलीत आणा. ती हसली. "तेरी खोली में तेरा सामान तो समाता नहीं।" मग लसणाची टरफलं फुंकून उडवली आणि म्हणाली, "तू निकल गई, अच्छा किया। पर मेरे सामने रोज़ मत बोल। मुझे रात को यहीं सोना है।" त्यानंतर मी तिच्यासमोर विषय काढला नाही. तुझ्यासमोर मात्र काढते, कारण तू त्या मुकुटवाल्याला घरी जा म्हणाला होतास ना, तेव्हा त्याच्याकडे जायला घर तरी होतं.

मागच्या महिन्यात तुझे जावई एका संध्याकाळी पिशवी घेऊन इथे आले. मी चहा दिला. तो संपवून म्हणाले, "दुसऱ्या मशीनमागच्या पिलरचं सिमेंट सुटलं. आतली सळी हाताला लागली. ओली होती." झालं, एवढंच. तेव्हापासून झोपायला इथे येतात. पण सकाळी आठला डबा घेऊन पुन्हा तिथेच जातात, दिवसभर मशिनी चालवायला. मी म्हटलं, हे काय? तर म्हणतात, "दिवसा काय होतंय? जागे असतो आपण. काही वाटलं तर पळू." जशी ती इमारत घड्याळ बघून पडणार आहे. मी रडले, भांडले, एकदा त्यांच्या चपला लपवून ठेवल्या. ते अनवाणी निघाले, मग मीच मागे धावत जाऊन चपला दिल्या. काय करणार? नवा गाळा मिळेपर्यंत, म्हणतात. गाळे बघतातही, रविवारी. आजही तेच बघायला गेलेत. पण मिळेपर्यंत रोज तेच.

ते घरून निघताना म्हणतात, "इतके दिवस काही झालं का?" आणि मला तुझा चहा आठवतो, कपात तसाच राहिलेला. तू समोर असतास तर तुला एवढंच विचारलं असतं, की माणसाला कसं परत कापडामागे बसवायचं? तू मला शिकवलंस तेव्हा मी लहान होते, माझे फक्त चिंचोके गेले. ज्याचं सगळंच लागलेलं आहे त्याला कसं शिकवायचं? तुला तरी कुणी शिकवू शकलं असतं का? मी गाळणं खाली टाकून तुझा हात धरून ओढलं असतं तर तू आला असतास का? मला वाटतं, नसतास आला.

फोन वाजला की मला ती इमारतच दिसते. गोडाऊनमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवायला लावतात, म्हणजे शिफ्टभर मला काही कळत नाही, आणि सुटल्यावर तो हातात घेताना मी आधी दुसरीकडे बघते. सकाळी कंपनीची बस मला घेऊन शहरातून वळ गावाला जाते. नाक्यावर ती थांबते, आणि आमच्या गल्लीच्या तोंडातून इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची काळी टाकी दिसते. ती दिसेपर्यंत मी श्वास घेत नाही. शेजारच्या बायका बोलत असतात, मी हो-हो करते आणि टाकी शोधते.

डाळ खाली उतरवली. तुझे जावई येतील आता, हा कागद त्यांच्या हाती लागायला नको. चुलीत टाकायला इथे चूलही नाही, फाडून कचऱ्यात टाकीन. पण फाडण्याआधी एक सांगते, जे मी लेकीलाही सांगितलेलं नाही. काल बस नाक्यावर थांबली, टाकी दिसली, आणि बरं वाटायच्या आधी, अगदी डोळ्याचं पातं लवेपर्यंत, मला वाईट वाटलं. अजून उभीच आहे, म्हणजे मीच वेडी ठरणार, असं. टाकीशेजारी चाचीची चादर वाळत होती, आणि तुझे जावई तेव्हा आत होते.